सुमनताई माहेरी गेल्या आहेत

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. मंदाला, म्हणजे माझ्या बायकोलाही ती ठाऊक नाही — आणि तिला माझ्या किडलेल्या दाढांपासून सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळख नसलेल्या माणसापुढे खरं बोलणं यात फारसं धाडस नाही, हे मला कळतं. पण तेवढंच जमतंय.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, वाचनालयाची दोन पुस्तकं कायम काखेत, आणि हाताला काम नाही. जळगावात स्टेशनापासून जवळ, एका कापडदुकानाच्या माडीवर एक कंपनी होती. कंपनी म्हणजे दीड खोली. पाटी मात्र जिन्यापेक्षा रुंद होती आणि तिच्यावर 'अखिल भारतीय' ही अक्षरं कंपनीच्या नावाहून मोठी होती. आमचा अखिल भारत साधारण पाचोऱ्याला सुरू व्हायचा आणि दोंडाईच्याच्या पलीकडे संपायचा. मालक आबाशेठ. ते स्वतःला 'संचालक' म्हणवून घेत. संचालन करायला तिथे एक मी होतो.

धंदा टपालाचा. आम्ही साप्ताहिकांत जाहिरात द्यायचो, लोक पोस्टकार्डावर मागणी कळवायचे, आम्ही व्ही.पी.नं पार्सल धाडायचो. आधी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे, मग पार्सल फोडायचं — या क्रमात आमच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान सामावलेलं होतं. माल एकच — शेवयांचं यंत्र. बाकाला स्क्रूनं आवळायचं, वरून पिठाचा गोळा सोडायचा, दांडा फिरवायचा, खालच्या जाळीतून शेवया. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दोन महिने आमच्याकडे पोस्टकार्डांचा पाऊस असायचा. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात, आणि लेक आली की घरात शेवया हव्यातच.

मला नेमलं होतं ते पत्रांसाठी. टेबलावर पुठ्ठा होता — 'ग्राहक समाधान विभाग'. विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि गोंदाची बाटली. तक्रारीच्या पत्रांना उत्तरं द्यायची. आबाशेठ सकाळी येऊन विचारायचे, "काय साहित्यिक, आज किती रडगाणी?"

मी म्हणायचो, "सात."

"पीठ सांगा त्यांना. पीठ."

पीठ हे आमचं पहिलं उत्तर होतं. 'आपण पीठ घट्ट मळले असावे.' दुसऱ्या पत्राला — 'आपण पीठ सैल मळले असावे.' तिसरं पत्र आलंच तर 'यंत्र स्वखर्चाने परत पाठवावे, तपासून कळवू.' स्वखर्चाने म्हटलं की बहुतेक बाया थांबायच्या. जी तरीही यंत्र पाठवायची, तिचं यंत्र आम्ही पुसायचो, नव्या पुठ्ठ्यात घालायचो आणि दुसऱ्या गावाला लावायचो. हसू आलं ना? मलाही तेव्हा यायचं.

सुमनताई ही माझी कल्पना. बाया पुरुषाच्या सहीला कोरडं लिहितात, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून मी पत्राखाली 'आपली मैत्रीण, सौ. सुमनताई' अशी सही करू लागलो. अक्षर थोडं गोल केलं. 'घरी सगळे खुशाल ना?' असं एक वाक्य वर घालू लागलो. तक्रारी निम्म्यावर आल्या. नुसती विचारपूस केली की माणसं मागणं विसरतात — हा शोध लागल्याचा मला केवढा अभिमान होता!

त्या वर्षी जो माल आला, तो खराब होता. कारखानदारानं आतल्या फिरत्या भागाचा धातू बदलला होता. तो घासायचा, आणि पिठात काळसर भुकटी उतरायची. मला हे कसं माहीत? एक यंत्र मी घरी नेलं होतं. मंदानं ओंजळभर शेवया काढल्या, परातीत पाहिल्या आणि बाहेर बकरीपुढे टाकल्या. बकरीनंही तोंड फिरवलं. मंदा म्हणाली, "हे कुणाला विकू नका हो." मी म्हणालो, "मी कुठे विकतो? मी फक्त पत्रं लिहितो."

वत्सलाबाईंचं पहिलं पत्र त्याच महिन्यात आलं.

दोंडाईच्यापासून दोन-अडीच कोसांवर त्यांचं गाव. नवऱ्यानं टाकलेल्या, आईजवळ राहणाऱ्या. गावातल्या बाया आपापलं पीठ घेऊन यायच्या, या शेवया करून द्यायच्या, बदल्यात घरटी पायली-दोन पायली गहू मिळायचे. इतकी वर्षं हातावर करत होत्या, यंत्र घेतलं तर चार घरं जास्त होतील असा हिशेब. हे सगळं त्यांनी सुमनताईंना लिहिलं होतं. शाळेतलं मराठी, जपून लिहिलेलं, मध्येच 'शे' लिहून खोडलेलं आणि वर 'आहे' केलेलं. पत्राची सुरुवात अशी — 'यंत्र मिळाले. फार सुबक आहे. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या, दोन दिवस आमच्या ओट्यावर जत्राच होती.' आणि पुढे — 'पण ताई, शेवया काळ्या पडतात. पीठ मी जन्मभर मळते आहे, पिठाचे सांगू नका.'

पिठाचे सांगू नका! तोपर्यंत असं कुणी लिहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आबाशेठना माहितीपत्रक छापायचं होतं, 'समाधानी ग्राहकांचे अभिप्राय' असं मोठं शीर्षक देऊन. समाधानी ग्राहक पत्र लिहीत नसतात, ही अडचण होती. मी वत्सलाबाईंचं पत्र घेतलं, 'पण'च्या आधी घडी घातली आणि वरचा भाग छापायला दिला. खाली त्यांचं पूर्ण नाव आणि गाव. मी एकही शब्द पदरचा घातला नाही. जत्रेनंतरचा पूर्णविरामसुद्धा त्यांचाच होता. आबाशेठनी पाठ थोपटली. "साहित्यिक, याला म्हणतात शिक्षण!" आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं. त्या दीड खोलीत माझ्या वाचनाचा तो पहिला उपयोग होता.

मी ठरावीक उत्तरं पाठवली. घट्ट. सैल. वत्सलाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी स्वखर्चानं यंत्र परत पाठवलं. सोबत चिठ्ठी — 'ताई, आखाजीच्या आत दुरुस्त करून पाठवा. बायांना शब्द दिला आहे.' मी गोल अक्षरात लिहिलं, 'नक्की पाठवते. काळजी नसावी.' आणि यंत्र कोपऱ्यात ठेवून दिलं.

आता जे सांगायचं आहे, त्याच्याभोवती मी बराच वेळ फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

माहितीपत्रक गावोगाव गेलं. तसं ते वत्सलाबाईंच्या गावीही गेलं. तिथल्या बायांनी आपल्या वत्सलाचं नाव छापून आलेलं पाहिलं आणि एकाच पाकिटातून नऊ मागण्या पाठवल्या. वर कुणीतरी लिहिलं होतं — 'वत्सलाबाईंचा अभिप्राय वाचून.' एका खेड्यातून नऊ! आबाशेठ त्या दिवशी इंदूरला निघाले होते, जिन्यातूनच ओरडले, "आजच्या आज लावा पार्सलं!" मी मोजली, तर नवी यंत्रं आठ होती. नववं कोपऱ्यातलं.

मी ते पुसायला घेतलं. उलटं केलं. बुडाशी नाव घातलेलं होतं.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तसं. दोंडाईच्याच्या बाजारात भांड्यांवर नाव घालणारा बसत असणार. हंड्या-कळशीवर घालतात तशी ठोक्याठोक्यांची टिंबं. पूर्ण नाव. बाईनं यंत्र घेतलं ते जन्मासाठी घेतलं होतं — त्याशिवाय कुणी नाव घालत नाही. मी ते नाव वाचलं. समोर नववा पत्ता होता. गाव तेच. हेही वाचलं.

मग? मग काय. नाव घासून काढायला काचकागद शोधला, मिळाला नाही. मनात म्हटलं, बुड कोण बघतंय. पुठ्ठा लावला, गोंद लावला, सुतळी बांधली, टपालात टाकलं. खाली उतरून चहा प्यायलो. चहा चांगला होता हेही आठवतं.

आखाजीला चार-पाच दिवस उरले असतील. दुपारची वेळ. जिन्यावर चपला काढल्याचा आवाज आला — आमच्या ऑफिसात येताना चपला कुणी काढत नसे. दारात एक बाई. पस्तिशीची असेल, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सुरत–भुसावळ पॅसेंजरनं आल्या होत्या. एकट्याच.

"सुमनताई कोठे शेत?"

मी ओळखलं. कसं, ते सांगता येणार नाही. पत्रांतली बाई अगदी तशीच दिसत होती.

तोंडातून निघून गेलं, "सुमनताई माहेरी गेल्या आहेत. आखाजीला."

त्यांचा चेहरा पडला आणि लगेच सावरला. "आखाजीले माहेरले गयात? बरं झायं. जावाले पाहिजे." मग माझ्याकडे बघून, शहरातल्या माणसाशी बोलायचं म्हणून, त्यांनी भाषा बदलली. "मी थांबू का, भाऊ? गाडीला वेळ आहे."

त्या बाकावर बसल्या. पाणी दिलं तर अर्धा पेला प्यायल्या. मग पिशवीतून ते माहितीपत्रक काढलं, चार घड्यांचं, घड्यांवर फाटायला आलेलं. भांडायला आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचा मी तोवर वस्ताद झालो होतो. त्या भांडल्या नाहीत. झालेलं सगळं त्यांनी सांगितलं — सुमनताईंना निरोप द्यायचा म्हणून.

नऊ घरी शेवया काळ्या पडल्या. बाया चिडल्या. पण कंपनीवर नाही. कंपनी कुणी पाहिलीय? चिडल्या त्या वत्सलावर, जिनं छापून सांगितलं होतं. तरीही त्यांनी एकेकीला समजावलं असतं. त्यांचं स्वतःचं मूळ पत्र त्यांना तोंडपाठ होतं. पण एका घरी यंत्र धुताना उलटं केलं, तर खाली वत्सलाचं नाव.

"आते काय बोलू, भाऊ? बठ्ठं गाव म्हणस, हिनी कमिशन खादं. सोतानं बिघडेल यंत्र आम्हना गयामा बांधं."

आपलं बिघडलेलं यंत्र गावाच्या गळ्यात मारून त्यांनी कमिशन खाल्लं, असं सगळं गाव म्हणत होतं. त्या वर्षी एकाही घरून पीठ आलं नव्हतं. गल्लीतली ती घरं पलीकडच्या आळीत एकीकडे जात होती, शेवया जाड करणाऱ्या, पण नावाला डाग नसलेल्या बाईकडे. आई ओट्यावर बसत नाही म्हणाल्या. लोक जाता-येता विचारतात, 'कंपनीवाली घरी आहे का?'

मग त्यांनी स्वतःच मला वाट काढून दिली. म्हणाल्या, पत्र अर्धं छापलं ती छापखान्याची चूक असेल, जागा पुरली नसेल. आणि यंत्र बांधणाऱ्या माणसानं खालचं नाव वाचलंच नसेल. "वाचतं तर कोण असं करीन, भाऊ?"

मी म्हणालो, "हो. छापखान्याचीच चूक." आणि — "बांधणाऱ्यानं पाहिलं नसणार."

माझा हात तेव्हा त्याच गोंदाच्या बाटलीवर होता.

त्यांना यंत्र नको होतं. पैसे नको होते. मी दोन्ही विचारलं, खरंच विचारलं, कारण दोन्ही आबाशेठच्या खिशातून जाणार होतं. त्यांना एक कागद हवा होता. कंपनीच्या छापील कागदावर, शिक्का मारून, दोन ओळी: वत्सलाबाईंचं पत्र अर्धंच छापलं गेलं, त्यांनी तक्रार केली होती, कंपनीकडून त्यांनी काहीही घेतलेलं नाही. तो कागद त्या आखाजीला मंदिराच्या ओट्यावर वाचून घेणार होत्या. बाया झोके खेळायला जमतात, तेव्हा सगळ्यांसमोर. वाचायला शाळेचे गुरुजी तयार होते.

दोन ओळी. छापील कागद माझ्या उजव्या खणात होते. शिक्का डाव्या. आबाशेठ तर गावातसुद्धा नव्हते. पुढे कितीतरी वर्षं मी मनाशी म्हणत होतो, नोकरी गेली असती. गेली असती का? आबाशेठना त्या कागदाचा पत्ताही लागला नसता. मग कसली भीती होती? खरं कारण फार किरकोळ आहे, म्हणूनच सांगायला जड जातं. लिहायला घेतलं असतं, तर त्यांच्यासमोर लिहावं लागलं असतं. आणि माझं अक्षर त्यांनी ओळखलं असतं.

"सुमनताई आल्या की लगेच पाठवतील," मी म्हणालो. "सही त्यांचीच लागते."

"आखाजीना आत?"

"आत."

त्यांनी मान हलवली. उठताना पिशवीतून एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं. जुन्या धुतलेल्या लुगड्याचा तुकडा, वर दोऱ्याची गाठ. "सुमनताईसाठी. हातावरन्या शेत. यंत्रन्या नहीत," असं म्हणून त्या पहिल्यांदाच हसल्या. "त्या पत्रात विचारतात ना, घरी सगळे खुशाल ना म्हणून. आमच्याकडे असं कोणी विचारत नाही."

मग खाली उतरून चपला घातल्याचा आवाज.

आता पुढचं एका दमात सांगतो, नाहीतर राहून जाईल. ते पुडकं मी घरी नेलं. मंदाला म्हणालो, एका गिऱ्हाइकानं खूश होऊन दिल्या. तिनं दुधात शिजवल्या. केसासारख्या बारीक, पांढऱ्याशुभ्र, एकही तुटलेली नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. मंदा म्हणाली, "बघा, तुमच्या कंपनीत चांगली माणसंही भेटतात." ती आजही आखाजीला त्या शेवयांची आठवण काढते, कुठल्या बाईच्या होत्या म्हणून विचारते. मी सांगतो, आता आठवत नाही.

कागद पाठवला नाही.

आखाजी झाली. नंतर पहिलं कार्ड आलं — 'सुमनताई, माहेरून आल्या का?' पंधरा दिवसांनी दुसरं. त्यात कागदाचा उल्लेख एकाच ओळीत, अगदी संकोचानं; बाकी आईच्या गुडघ्यांविषयी. मी दोन्ही कार्डं खणात टाकली. तिला राग का येत नव्हता? एकदा शिव्या घातल्या असत्या, तर मी तिला 'त्रासदायक गिऱ्हाईक' म्हणून वहीत लाल शाईनं टिपलं असतं आणि मोकळा झालो असतो. आम्ही तशी वही ठेवायचो. त्या वहीत तिचं नाव मला कधी घालता आलं नाही.

तिसरं कार्ड पावसाळा संपताना आलं. ते अजून माझ्याकडे आहे. शब्दकोशात ठेवलं आहे. त्या जाड पुस्तकाला आमच्या घरात दुसरं कुणी हात लावत नाही. त्यात लिहिलं आहे — 'सुमनताईस नमस्कार. आता कागदाची गरज राहिली नाही. मी व आई सुरतेस मावसबहिणीकडे जात आहोत. घर बंद केले. इतके दिवस तुमचे पत्र नाही म्हणून जिवाला लागून राहिले. माहेरी काही वाईट तर झाले नाही ना? तुमची तब्येत बरी आहे ना? ज्यांनी बारीक शेवया खाल्ल्या असतील त्यांना आवडल्या का, ते कळवा. सुरतेचा पत्ता खाली देत आहे.'

खाली पत्ता आहे. पूर्ण, स्वच्छ अक्षरात, घर ओळखायची खूणसुद्धा दिली आहे.

मी त्या कंपनीत आणखी चार वर्षं होतो. पुढे शिक्षक झालो, मुलांना निबंध शिकवले, निरोप समारंभांत शाल-नारळ घेतले. एका वक्त्यानं मला 'प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ' म्हटलं तेव्हा मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला. सुरतेची गाडी दिवसातून किती वेळा जाते, मला पाठ आहे. मी कधी तीत बसलो नाही.

बुडावरचं नाव मी वाचलं होतं. पत्ताही वाचला होता. आणि शेवया आवडल्या होत्या.